एचडब्ल्यूक्लॉक चालवलं की कर्नल बोंबलतो : 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक', आणि मधूनच बोर्ड ठप्प

बेदाणेवाला (धागाकर्ता)

मंडळी, एम्बेडेड लिनक्सवाल्यांची मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण अर्धवट माहिती देऊन तुम्हाला पिडण्यापेक्षा सगळं एकदम लिहितो.

तासगाव भागात बेदाण्याच्या शीतगृहांत तापमान नोंदवायला आम्ही बोर्ड बसवले आहेत. दोन कोरचा एआरएम प्रोसेसर, आयटूसी बसवर (चिपांना जोडणारी दोन तारांची वाट) डीएस३२३१ ही घड्याळाची चिप, म्हणजे आरटीसी. इंटरनेट कायम नसतं. रात्री मोडेम थोडा वेळ चालू होतो, नोंदी वर जातात, क्रोनी (इंटरनेटवरून वेळ घेणारा प्रोग्राम) वेळ जुळवून घेतो, मग क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) 'एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू' चालतं आणि सिस्टीमची वेळ चिपमध्ये लिहिली जाते. लाइट गेली तरी वेळ शाबूत राहावी एवढाच हेतू.

कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ होता तोवर लॉगमध्ये काहीच दिसायचं नाही. बोर्ड क्वचित आपोआप रिस्टार्ट व्हायचे. शीतगृहात कॉम्प्रेसर चालू-बंद होताना व्होल्टेज नाचतं, त्यामुळे सगळ्यांनी लाइटवर खापर फोडलं. आता ५.१० वर आलो. बोर्डवाल्यांनी दिलेल्या नव्या कॉन्फिगमध्ये प्रीएम्प्ट (कर्नलमधलं काम मध्येच थांबवून दुसरं घेण्याची मुभा) चालू आहे, डीबग अ‍ॅटॉमिक स्लीपही (झोपायला मनाई असताना कुणी झोपलं की बोंब मारणारी तपासणी) चालू आहे. आता दर वेळी एचडब्ल्यूक्लॉकने लिहिलं की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) हे येतं :

बग: स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट अ‍ॅट कर्नल/लॉकिंग/आरटीम्युटेक्स.सी
इन_अ‍ॅटॉमिक(): १, आयआरक्यूज_डिसेबल्ड(): १२८, पीआयडी: १४२३, नेम: एचडब्ल्यूक्लॉक

त्याच्या मागोमाग 'बग: शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक: एचडब्ल्यूक्लॉक' आणि लांबलचक कॉल ट्रेस.

बहुतेक वेळा एवढं बोंबलूनही वेळ बरोबर लिहिली जाते. कधी कधी मात्र एचडब्ल्यूक्लॉक 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणून परत येतं आणि लॉगमध्ये आयटूसी कंट्रोलरचा टाइमआउट दिसतो. आणि क्वचित अख्खा बोर्ड थिजतो, मग हार्डवेअर वॉचडॉग (बोर्ड गप्प झाला की जागा होणारा टाइमर) त्याला रिसेट करतो. नुसतं वाचलं, म्हणजे 'एचडब्ल्यूक्लॉक -आर', तर कधीच काही होत नाही.

वर्कशॉपमधल्या बोर्डावर इंटरनेट सतत चालू असतं. तिथे आणखी एक गंमत आहे. मी एचडब्ल्यूक्लॉक चालवलं नाही तरी दर ११ मिनिटांनी तोच संदेश येतो, फक्त नावाच्या जागी एचडब्ल्यूक्लॉक नसून केवर्कर (कर्नलचा स्वतःचा कामकरी थ्रेड) असतं.

घड्याळाचा ड्रायव्हर मेनलाइनमधला (मूळ अधिकृत कर्नलमधला) नाही. बोर्डवाल्यांनी स्वतःचा दिला आहे, सोर्स हाताशी आहे. सुरुवात कुठून करू?

पॉपकॉर्न

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

सोल्डरगन

आयटूसी टाइमआउट म्हटलं की मी आधी पुल-अप रेझिस्टर (बसच्या तारा वर ओढून धरणारे) बघते. केबल किती लांब आहे? डीएस३२३१ चं स्वस्तातलं मॉड्यूल वापरलंय की चिप बोर्डावरच आहे? मॉड्यूल असेल तर त्यावर ४.७ किलोओहमचे पुल-अप बहुधा असतात, बोर्डावर आणखी असतील तर ते समांतर येतात.

अवांतर, पण महत्त्वाचं : ते निळं मॉड्यूल असेल आणि त्यात सीआर२०३२ घातला असेल तर लगेच काढा. त्यावर डायोड आणि रेझिस्टरचं चार्जिंग सर्किट असतं, ते रिचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी. साधा लिथियम सेल चार्ज करायचा नसतो. पाच व्होल्टवर सेल फुगलेला मी स्वतः पाहिला आहे.

बेदाणेवाला

सोल्डरताई, चिप बोर्डावरच आहे, सेलला चार्जिंग नाही. पुल-अप तपासले, स्कोपवर सिग्नल स्वच्छ दिसतो. तापमानाचा सेन्सर त्याच बसवर आहे, तो दर सेकंदाला वाचला जातो, त्याची कधी तक्रार नाही.

रात्रपाळी

माझ्याकडे जुन्या डेस्कटॉपवर असंच होतं. एचडब्ल्यूक्लॉक म्हणतं, 'सिलेक्ट टू डेव्ह आरटीसी० टू वेट फॉर क्लॉक टिक टाइम्ड आउट'. हाच बग असेल का?

जुनाट_पेंग्विन

रात्रपाळी, नाही, तुमचं दुखणं वेगळं. थोडक्यात सांगतो, बाकी वेगळा धागा काढा. एचडब्ल्यूक्लॉक सेकंद नेमका कधी बदलतो हे कळावं म्हणून कर्नलकडे अपडेट इंटरप्ट (इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक) मागतं. २०११ पासून कर्नलमध्ये तो इंटरप्ट खरा नसतो, पुढच्या सेकंदाचा अलार्म लावून त्याचं सोंग घेतलं जातं. तुमच्या मदरबोर्डावर अलार्मचा इंटरप्ट पोचत नसेल (एचपीईटी हा दुसरा टाइमर मधे पडत असताना हे होतं) तर एचडब्ल्यूक्लॉक १० सेकंद वाट बघून नाद सोडतं. एकदा 'एचपीईटी=डिसेबल' देऊन बूट करून बघा.

आता बेदाणेवाले. तुम्ही लॉग छान दिलाय, त्यातच अर्धं उत्तर आहे. आयआरक्यूज_डिसेबल्ड पुढचा १२८ पाहून घाबरू नका. एआरएमच्या स्टेटस रजिस्टरमधला इंटरप्ट बंद करण्याचा बिट म्हणजे १२८. इंटेलच्या मशीनवर तिथे १ दिसला असता. अर्थ एकच, इंटरप्ट बंद आहेत. इन_अ‍ॅटॉमिक १ म्हणजे कुणीतरी स्पिनलॉक (जागं राहूनच वाट बघायचं कुलूप) धरलाय, तोवर झोपायला मनाई. आणि आरटीम्युटेक्स.सी म्हणजे आयटूसी कोर बसचं कुलूप घ्यायला गेला. ते झोपणारं कुलूप आहे, मिळेपर्यंत काम बाजूला ठेवून झोपावं लागतं. थोडक्यात, कुणीतरी इंटरप्ट बंद करून, स्पिनलॉक धरून, आयटूसीवर लिहायला गेलाय.

११ मिनिटांचं कोडं त्याहून सोपं. एनटीपीशी (इंटरनेटवरच्या वेळेशी) वेळ जुळलेली असली की कर्नल स्वतःच दर ११ मिनिटांनी सिस्टीमची वेळ आरटीसीत लिहितो. क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये 'आरटीसीसिंक' ओळ असेल बघा. म्हणजे एचडब्ल्यूक्लॉक निर्दोष. तो आणि केवर्कर दोघंही शेवटी ड्रायव्हरच्या सेट_टाइम फंक्शनवर येतात, आणि वाचताना काही होत नाही म्हणजे रीड_टाइममध्ये ते कुलूप नाही. सेट_टाइम इथे टाका.

निमसरकारी

एक शंका. प्रोसेसरची स्वतःची आरटीसी असते, ती आरटीसी० होते आणि डीएस३२३१ आरटीसी१. मग लिहिता एकीकडे आणि बघता दुसरीकडे. आमच्याकडे हा घोळ झाला होता, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरची यादी) एलिअस देऊन सुटला.

बेदाणेवाला

निमसरकारी, आतली आरटीसी डिव्हाइस ट्रीमध्ये बंद केलेली आहे. डीएस३२३१ हीच आरटीसी०.

पेंग्विनकाका, अगदी तसंच निघालं. सेट_टाइममध्ये क्रम असा : स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह, मग वेळेची सात रजिस्टरं आयटूसीवरून एका दमात लिहिणं, मग 'सॅम्पल_काउंट' नावाचा एक काउंटर शून्य करणं, मग कुलूप सोडणं.

तेच कुलूप आणखी एका ठिकाणी आहे. चिपच्या एसक्यूडब्ल्यू पायावर त्यांनी १ हर्ट्झचा चौकोनी सिग्नल काढलाय, तो जीपीआयओला (प्रोसेसरच्या साध्या पायाला) जोडलाय. दर सेकंदाला सिग्नल खाली पडला की इंटरप्ट येतो, हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारा कोड) स्पिनलॉक घेतो, सॅम्पल_काउंट एकने वाढवतो, टाइमस्टॅम्प ठेवतो आणि सॅम्पलिंगला जाग आणतो. नोंदी सेकंदाच्या ठोक्यावर याव्यात म्हणून.

ताकभात

मग सोपं आहे की. स्पिनलॉक काढा, म्युटेक्स टाका. झालं.

जुनाट_पेंग्विन

ताकभात, थांबा. स्पिनलॉक म्हणजे बँकेत काउंटरला चिकटून 'झालं का, झालं का' करत उभं राहणं, म्युटेक्स म्हणजे टोकन घेऊन बाकड्यावर डुलकी काढणं. इंटरप्ट हँडलरला बाकड्यावर बसायची परवानगीच नाही, तो झोपू शकत नाही. हँडलरमध्ये म्युटेक्स घातलात की हाच बग उलट्या बाजूने येईल, आणि दर सेकंदाला येईल.

बोर्डवाल्यांनी स्पिनलॉक उगाच घातलेला नाही. काउंटर इंटरप्टशी वाटून घेतलेला आहे, त्याला स्पिनलॉकच हवा. चूक एवढीच की आयटूसीचं लिहिणं त्या कुलपाच्या आत ओढलं गेलं.

जुना कर्नल गप्प का होता तेही कळतं. प्रीएम्प्ट नसलेल्या बिल्डमध्ये स्पिनलॉक घेतल्याची मोजदाद कर्नल ठेवतच नाही, त्यामुळे झोपताना त्याला पत्ता लागत नाही. शेड्यूलर दुसऱ्या कामाकडे वळताना इंटरप्ट परत चालू करतो, आयटूसीचा इंटरप्ट येतो, लिहिणं पूर्ण होतं, सगळं आलबेल वाटतं. बग तेव्हाही होता, आता दिसायला लागला. कॉम्प्रेसर बिचारा फुकट बदनाम झाला.

सोल्डरगन

बरं, पण मग बोर्ड थिजतो का? आणि कधी थिजतो, कधी नुसता टाइमआउट, कधी काहीच नाही, असं तीन तऱ्हेचं का?

जुनाट_पेंग्विन

थिजण्याची गोष्ट मला अशी दिसते. एचडब्ल्यूक्लॉकने कुलूप धरलं आणि आयटूसी संपायची वाट बघत झोपलं. इंटरप्ट परत चालू झाले. नेमका त्याच वेळी १ हर्ट्झचा ठोका आला. हँडलर तेच कुलूप मागतो आणि गोल गोल फिरत बसतो, इंटरप्ट बंद ठेवून. कुलूप सोडणारा झोपलेला, त्याला उठवणारा इंटरप्ट त्याच कोरवर यायचा, तो कोर फिरतोय. कायमची गाठ.

पण हे एकाच कोरवर झालं तर. कोर वेगळे असतील तर काय, हे बघायला हवं. बेदाणेवाले, 'प्रॉक इंटरप्ट्स' मधले (कोणता इंटरप्ट कोणत्या कोरवर किती वेळा आला ते) आकडे द्या. आणि वर्कशॉपमध्ये हार्डवेअर वॉचडॉग बंद करा. कर्नलची आरसीयू स्टॉलची (कोर अडकून बसल्याची) तक्रार डीफॉल्टने २१ सेकंदांनी येते. तुमचा वॉचडॉग त्याआधीच रिसेट मारत असेल तर पुरावा कधीच हाती लागणार नाही.

बेदाणेवाला

वॉचडॉग १५ सेकंदांवर होता! बंद केला.

इंटरप्ट्सचं चित्र असं : जीपीआयओचा १ हर्ट्झ, आयटूसी कंट्रोलर, सिरियल पोर्ट, सगळ्यांचे आकडे सीपीयू० च्या रकान्यात. सीपीयू१ च्या रकान्यात या तिन्हींपुढे शून्य. थिजल्यावर सिरियल कन्सोलवरून सिसरिक्यू (कर्नलला थेट हुकूम देणारी कळ) दाबून पाहिलं, तेही दाद देत नाही.

जुनाट_पेंग्विन

सिसरिक्यू दाद देणार नाहीच, सिरियलचा इंटरप्टही त्याच कोरवर. हाही पुरावाच.

आता तीन तऱ्हा सुटतात. एचडब्ल्यूक्लॉक सीपीयू० वर असताना ठोका आला तर कायमची गाठ, बोर्ड गेला. सीपीयू१ वर असताना ठोका आला, तर सीपीयू० वरचा हँडलर फिरत बसतो, आणि आयटूसी पूर्ण झाल्याचा इंटरप्टही सीपीयू० वरच यायचा असतो, तो आत शिरू शकत नाही. एचडब्ल्यूक्लॉक वाट बघतं, पण त्याचा टाइमर सीपीयू१ वर चालू असतो. आयटूसी कोरचा डीफॉल्ट टाइमआउट १ सेकंद. तो संपला की 'टाइम्ड आउट' म्हणून परत येतं, कुलूप सोडतं, सीपीयू० सुटतो. म्हणून नुसता टाइमआउट, बोर्ड जिवंत. आणि ठोका त्या फटीत आलाच नाही तर काहीच नाही.

सोल्डरताई, वायरिंग निर्दोष. बस चांगलीच होती, ऐकणाराच कुणी नव्हतं.

पडताळा करायला दोन प्रयोग. 'टास्कसेट -सी ०' लावून, म्हणजे सीपीयू० ला बांधून, एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू लूपमध्ये चालवा, बोर्ड थिजला पाहिजे. मग 'टास्कसेट -सी १' लावा, थिजता कामा नये, फक्त टाइमआउट यायला हवेत. त्यातच आयटूसीच्या इंटरप्टची एसएमपी अ‍ॅफिनिटी (तो कोणत्या कोरवर यायचा ती सेटिंग) सीपीयू१ वर हलवलीत तर टाइमआउटही गेले पाहिजेत. कारण मग हँडलर फार तर मिलीसेकंदभर फिरेल आणि सुटेल.

ताकभात

म्युटेक्सचं पटलं. पण एक हिशोब जमत नाही. आयटूसी १०० किलोहर्ट्झवर. पत्त्याचा बाइट, रजिस्टरचा बाइट, सात डेटा बाइट, एकूण नऊ. प्रत्येकी नऊ बिट म्हणजे ८१ बिट, म्हणजे सुमारे ०.८ मिलीसेकंद. ठोका सेकंदाला एकदा. म्हणजे एकदा लिहिताना गाठ पडायची शक्यता हजारात एकाहूनही कमी. लूप लावला तरी तासन् तास लागतील.

जुनाट_पेंग्विन

हिशोब बरोबर, गृहीतक चूक. ठोका आणि लिहिणं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. एचडब्ल्यूक्लॉक केव्हाही लिहीत नाही, ते सेकंदाच्या काठावर थांबून लिहितं. पीसीच्या सीएमओएस घड्याळासाठी ०.५ सेकंदाचा डिले धरतं, कारण ती चिप लिहिल्यानंतर अर्ध्या सेकंदाने पुढे सरकते. बाकी आरटीसींसाठी डिले शून्य.

आणि डीएस३२३१ ची डेटाशीट बघा. सेकंदाचं रजिस्टर लिहिलं की आतली मोजणीची साखळी शून्यापासून सुरू होते. म्हणजे चिपचा ठोका त्या लिहिण्याशीच जुळतो. पुढच्या सेकंदाला एचडब्ल्यूक्लॉक परत काठावर लिहायला येतं, आणि चिपचा ठोकाही त्याच काठावर पडतो. लागोपाठ लिहाल तर दोघं एकमेकांच्या अंगावरच येतात.

साइटवर मात्र रोज एकदाच लिहिता. डीएस३२३१ ची अचूकता ० ते ४० अंशांत २ पीपीएमच्या (दहा लाखात २) आत, म्हणजे दिवसाला फार तर ०.१७ सेकंद सरकते. ०.८ मिलीसेकंदाच्या फटीपुढे हे सरकणं पुष्कळ मोठं, म्हणून तिथे गाठ क्वचित पडते. चिप एरवीपेक्षा जास्त अचूक चालली की बोर्ड मरण्याची शक्यता वाढते, हे मात्र मला फारच आवडलं.

ताकभात

भारी! म्हणजे --डिले ०.३ दिलं की टळेल?

जुनाट_पेंग्विन

एकदाच टळेल. त्या लिहिण्याने साखळी ०.३ वर जुळेल, पुढच्या वेळी परत ०.३ वर लिहिलंत की परत टक्कर. दर वेळी ०.२ ने पुढे सरकवा, ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि परत ०, मग टळेल. उपाय म्हणून नव्हे, माझा तर्क खरा का खोटा ते बघायला उत्तम. त्यात वेळ तेवढीच चुकीची लिहिली जाते हे ध्यानात ठेवा, साइटवर करू नका.

बेदाणेवाला

दिवसभर हेच करत होतो. निकाल :

टास्कसेट ० : थोड्याच वेळात बोर्ड थिजला. वॉचडॉग बंद असल्यामुळे आरसीयू स्टॉल कन्सोलवर उमटला, सीपीयू० च्या नावाने. ट्रेसमध्ये वरून खाली : स्पिनलॉक, बोर्डवाल्यांचा हँडलर, जीपीआयओ इंटरप्ट. हवं तेच.

टास्कसेट १ : बोर्ड जिवंत, मधून मधून टाइमआउट. प्रत्येक टाइमआउटच्या वेळी तापमानाच्या नोंदीत सेकंदाची फट दिसते. आतापर्यंत या फटी आम्ही सेन्सरच्या नावावर टाकत होतो.

टास्कसेट १ आणि आयटूसीचा इंटरप्ट सीपीयू१ वर : लूप कितीही चालवा, टाइमआउट नाही. बगचे संदेश अर्थात येतातच.

डिले दर वेळी ०.२ ने पुढे सरकवत, टास्कसेट ० : थिजला नाही. डिले सतत ०.३, टास्कसेट ० : थिजला!

काका, दंडवत.

निमसरकारी

हा धागा आमच्या ऑफिसात प्रिंट काढून लावणार.

सोल्डरगन

सतत ०.३ वर थिजला हे वाचून टाळी वाजवली. हँडलर थ्रेडेड करून (झोपू शकेल अशा थ्रेडमध्ये नेऊन) आत म्युटेक्स टाकला तर चालेल ना? रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू.

जुनाट_पेंग्विन

चालेल, नियमात बसतं. पण टाइमस्टॅम्प थ्रेडमध्ये घेतला तर ठोक्यापासून मागेपुढे होईल, आणि ठोक्यावर नोंद हाच तर या लोकांचा हेतू. शिवाय दर सेकंदाच्या ठोक्याला आयटूसीवरच्या लिहिण्यासाठी ताटकळत ठेवायचं कशाला? मी साधा मार्ग घेईन : आधी कुलपाबाहेर आयटूसीवर सात रजिस्टरं लिहा. त्यात चूक आली तर तसेच परत फिरा, काउंटरला हात लावू नका. यशस्वी झालं तरच स्पिनलॉक घ्या, काउंटर शून्य करा, सोडा. कुलपात फक्त एक ओळ.

दोन जणांनी एकाच वेळी सेट_टाइम बोलावलं तर काय, ही भीती नको. आरटीसी कोर ड्रायव्हरला हाक मारण्याआधी स्वतःचा म्युटेक्स घेतो. केवर्कर आणि एचडब्ल्यूक्लॉक एकमेकांवर येणार नाहीत.

ताकभात

मग नवी फट पडली की. वेळ लिहून झाली आणि काउंटर शून्य व्हायच्या आत ठोका आला, तर एक ठोका हरवेल. बहुतेक याच भीतीने बोर्डवाल्यांनी दोन्ही एका कुलपात घातलं असणार.

जुनाट_पेंग्विन

बरोबर हेरलंत, भीती तीच असणार. पण इथे चिपच मदतीला येते. साखळी शून्य झाली की १ हर्ट्झचा सिग्नल ५०० मिलीसेकंदांनी वर जातो आणि मग सेकंद भरताना खाली पडतो. यांचा इंटरप्ट खाली पडण्यावर आहे. म्हणजे सेकंदाचं रजिस्टर लिहिल्यावर पुढचा खरा ठोका जवळपास सेकंदभराने. काउंटर शून्य करायला मायक्रोसेकंद लागतात. लिहिण्याच्या अगदी आधी आलेला ठोका जुन्या वेळेचा, तो शून्यात गेला तरी बिघडत नाही, तो जायलाच हवा.

एकच बघा. साखळी शून्य होताना सिग्नल वर असेल तर तो तिथेच खाली पडून एक खोटा ठोका निर्माण होतो का? स्कोप लावून खात्री करा. होत असला तरी तो आयटूसी चालू असतानाच येईल, म्हणजे काउंटर शून्य होण्याआधी. पण टाइमस्टॅम्पमध्ये तो दिसेल, सॅम्पलिंगवाल्यांना सांगून ठेवा.

अवांतर : रिअल-टाइम कर्नलवर, म्हणजे ६.१२ पासून मेनलाइनमध्ये आलेल्या प्रीएम्प्ट आरटीवर, साधा स्पिनलॉकच झोपणारा होतो आणि हँडलर थ्रेडमध्ये जातो. तिथे हा बग दिसलाच नसता. म्हणून 'आरटीवर चालतं' हा पुरावा धरू नका.

रात्रपाळी

अवांतराला अवांतर : बूट होताना ई२एफएससीके (डिस्क तपासणारा प्रोग्राम) म्हणतं, सुपरब्लॉकची शेवटची लिहिण्याची वेळ भविष्यात आहे. हेही आरटीसीचंच का?

निमसरकारी

तुमच्याकडे विंडोजही आहे ना त्याच मशीनवर? विंडोज हार्डवेअर घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी समजून चालतं, मग इंटरनेटवरून वेळ सुधारली की साडेपाच तासांचा फरक पडतो. पुढच्या बूटला घड्याळ मागे-पुढे, फाइलसिस्टीम गोंधळते. 'टाइमडेटसीटीएल' ने काय लावलंय ते बघा, किंवा विंडोजला रजिस्ट्रीतून यूटीसीवर आणा. दुसरं बरं. इटीसी अ‍ॅडजटाइमच्या तिसऱ्या ओळीत यूटीसी आहे की लोकल, तेही बघून घ्या.

बेदाणेवाला

पॅच लावला. रात्रभर लूप, टास्कसेट ०, इंटरप्ट सगळे सीपीयू० वर जसेच्या तसे. ना बगचा संदेश, ना टाइमआउट. ११ मिनिटांचा केवर्करही गप्प. प्रूव्ह लॉकिंग चालू करून परत चालवलं, लॉकडेपचीही (कर्नलचा कुलपं तपासणारा) तक्रार नाही.

स्कोपवर पाहिलं. सिग्नल वर असताना लिहिलं की तो लगेच खाली पडतो, म्हणजे खोटा ठोका येतो. काकांनी म्हटल्याप्रमाणे काउंटर त्यानंतर शून्य होतो, त्यामुळे मोजणीत फरक नाही. टाइमस्टॅम्पमध्ये मात्र दोन ठोके सेकंदापेक्षा कमी अंतरावर दिसतात. सॅम्पलिंगच्या प्रोग्राममध्ये ९०० मिलीसेकंदांच्या आतला ठोका सोडून द्यायची अट घातली.

बोर्डवाल्यांना पॅच पाठवायचा आहे. त्यांच्याकडचे लोक 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून परत पाठवतील अशी धास्ती आहे. काय लिहू?

जुनाट_पेंग्विन

त्यांच्याकडे होत नाही कारण ते प्रीएम्प्ट बंद ठेवून, दिवसातून एकदा लिहून बघत असतील. म्हणून पॅचच्या मजकुरात आधी लॉगच्या त्या दोन ओळी टाका, मग हमखास थिजवणारी कृती : टास्कसेट ०, लूप, एवढंच. ती त्यांनी चालवली की वाद संपतो. मग कारण तीन वाक्यांत : स्पिनलॉक धरून आयटूसी, हँडलर तेच कुलूप मागतो, आयटूसीचा इंटरप्टही त्याच कोरवर. खोट्या ठोक्याबद्दल एक वाक्य. ०.१७ सेकंद आणि पीपीएमची कथा मजकुरात घालू नका, ती इथेच शोभते.

जमलं तर त्यांना एवढं सुचवा की वेळेचं लिहिणं-वाचणं मेनलाइनच्या डीएस१३०७ ड्रायव्हरवर सोपवा, त्यात डीएस३२३१ आहे आणि तो रेगमॅपमधून (रजिस्टरं लिहिण्या-वाचण्याची कर्नलची सोय) जातो, ज्याला आयटूसीसाठी स्वतःचा म्युटेक्स असतो. १ हर्ट्झचा ठोका हा तसाही जीपीआयओचा मामला आहे, त्याचा छोटा वेगळा ड्रायव्हर करता येईल. पण हे दुसऱ्या मेलमध्ये. पहिल्या मेलमध्ये घातलंत तर पॅच बाजूला राहील आणि मीटिंगा सुरू होतील.

सोल्डरगन

तोवर जुन्या कर्नलवर असलेल्या साइटचं काय? सगळीकडे जाऊन बदलणं शक्य नसेल.

बेदाणेवाला

ड्रायव्हर मॉड्यूल आहे, त्यामुळे ४.१९ साठी तोच पॅच लावून नुसती मॉड्यूलची फाइल रात्रीच्या मोडेमवर ढकलतोय. पुढच्या रिस्टार्टला नवी लागू होईल. पेंग्विनकाका, मेल तुम्ही सांगितल्या क्रमाने लिहिली, आज गेली.

रात्रपाळी

निमसरकारी, विंडोजच होतं, सुटलं. एचपीईटी बंद करून मात्र बूटच होत नाही. वेगळा धागा काढलाय, काका तिकडे या.